जुन्या आलिशान मोटारींचा देखभाल-खर्च

जुन्या आलिशान मोटारींचा देखभाल-खर्च म्हणजे मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार, व्होल्व्हो यांसारख्या उत्पादकांच्या, हमीचा काळ उलटून गेलेल्या व किमान एकदा मालक बदललेल्या मोटारी चालत्या ठेवण्यासाठी करावा लागणारा खर्च होय. नियमित सेवा, झिजलेल्या भागांची बदली, अकस्मात उद्भवणारी दुरुस्ती, विमा, नोंदणीचे नूतनीकरण आणि कर यांचा त्यात समावेश होतो. भारतात अशी मोटार आठ-दहा वर्षांनंतर नव्या मध्यम आकाराच्या मोटारीच्या किमतीत, कित्येकदा त्याहूनही कमी रकमेत मिळते. त्यामुळे पहिल्यांदाच आलिशान मोटार घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा तिच्याकडे असतो. खरेदीनंतरचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरलेला नसतो. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण या व्यवहाराला शब्दशः लागू पडते.

किंमत आणि खर्च यांतील तफावत

मोटारीची किंमत वयानुसार घटते, पण तिच्या सुट्या भागांची घटत नाही. या विषयाचे सारे अर्थकारण या एका विसंगतीवर उभे आहे. ६० लाख रुपयांना विकली गेलेली मोटार बारा वर्षांनी उदाहरणादाखल ८ लाखांना मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिचे टर्बोचार्जर आणि तिचे दिवे ६० लाखांच्या मोटारीचेच राहतात. महागाई आणि परकीय चलनाचा दर यांमुळे त्यांची किंमत उलट वाढलेली असते. पहिल्या मालकाला एखादी दुरुस्ती मोटारीच्या मूल्याच्या दोन-तीन टक्के वाटते, तर तीच दुरुस्ती तिसऱ्या मालकाच्या बाबतीत खरेदी-किमतीचा मोठा हिस्सा गिळते. मोटारीचे घटलेले मूल्य हा पहिल्या मालकाचा तोटा असतो. तिची साठलेली दुरुस्ती पुढच्या मालकाच्या वाट्याला येते.

महागड्या मोटारींचे मूल्य सामान्य मोटारींपेक्षा वेगाने उतरते. नवे प्रारूप आले की जुन्याची प्रतिष्ठा ओसरते, आणि अशी मोटार मुळात प्रतिष्ठेसाठी घेतली जात असल्याने हा परिणाम तीव्र असतो. शिवाय जाणकार ग्राहकाने भावी दुरुस्तीचा अंदाज किमतीत आधीच धरलेला असतो. जुनी आलिशान मोटार स्वस्त मिळण्याचे एक कारण तिचा देखभाल-खर्च हेच आहे.

यांत्रिक व विद्युत कारणे

आलिशान मोटारीतील अनेक सोयी साध्या मोटारीत नसतातच. जे नाही ते बिघडतही नाही, हे तत्त्व येथे लक्षात घ्यावे लागते.

१९९८ साली आलेल्या मर्सिडीज-बेंझ एस-क्लासच्या डब्ल्यू२२० या पिढीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी ‘एअरमॅटिक’ ही हवेवर चालणारी निलंबन-प्रणाली होती. तीत चाकांवरचा भार रबरी फुग्यांतील दाबलेली हवा पेलते. रबर वयाने कडक होते, त्याला सूक्ष्म चिरा पडतात आणि हवा हळूहळू झिरपू लागते. सकाळी एका कोपऱ्यावर खाली बसलेली मोटार हे या दोषाचे परिचित लक्षण आहे. दुर्लक्ष केल्यास गळती भरून काढण्यासाठी काँप्रेसर वारंवार चालत राहतो आणि अखेर तोही निकामी होतो. एका फुग्याची दुरुस्ती लांबवल्याने दोन भागांचा खर्च अंगावर येतो. जुन्या आलिशान मोटारींतील बहुतेक मोठ्या दुरुस्त्यांची घडण अशीच असते.

ब्रेकच्या बाबतीत याच उत्पादकाचे दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २००२ मधील ई-क्लासच्या डब्ल्यू२११ या पिढीत ‘सेन्सोट्रॉनिक’ ही विद्युत-द्रविक ब्रेक-प्रणाली बसवण्यात आली. चालकाने पेडल दाबले की त्याचा विद्युत संकेत जातो आणि पंपाने साठवलेला दाब ब्रेक लावतो. या प्रणालीचे नियंत्रक ब्रेक किती वेळा लावले गेले याची मोजदाद ठेवते आणि ठरावीक संख्येनंतर बदलीचा इशारा देते, म्हणजे ते चालू स्थितीत असले तरी त्याचे आयुष्य मोजलेले असते. ब्रेकचे पॅड बदलण्यापूर्वीसुद्धा ही प्रणाली संगणकाद्वारे निष्क्रिय करावी लागते, अन्यथा ती आपोआप दाब देऊन कारागिराची बोटे चिरडू शकते. २००४ व २००५ मध्ये उत्पादकाने या प्रणालीसाठी लाखो मोटारी तपासणीस परत बोलावल्या. २००६ मध्ये ई-क्लासमध्ये पारंपरिक द्रविक ब्रेक पुन्हा आले. जुन्या बाजारात या पिढीच्या दोन मोटारी शेजारी उभ्या असतील, तर त्यांचे उत्पादन-वर्ष एवढ्याचसाठी विचारले जाते.

बीएमडब्ल्यूच्या २००७ पासूनच्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागील बाजूस, गिअरबॉक्सकडे आहे. साखळी सैल झाल्यास सुरुवातीला खडखड ऐकू येते आणि ती तुटल्यास इंजिनाचे गंभीर नुकसान होते. साखळीची स्वतःची किंमत फार नसते, परंतु तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. भारतात ३२०डी व ५२०डी या लोकप्रिय मोटारींत हे इंजिन होते. अशा ठिकाणी देयकाचा मोठा भाग भागापेक्षा मजुरीचा असतो.

स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाविषयी एक शब्दच्छल रूढ आहे. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकेत हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे लिहिलेले असते. बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. ‘आयुष्य’ कोणाचे, मोटारीचे की पहिल्या मालकाकडील वास्तव्याचे, हा प्रश्न दुसऱ्या मालकाला पडणे स्वाभाविक आहे.

विद्युत उपकरणांचा खर्च सर्वांत अनिश्चित असतो. या मोटारींत डझनावारी नियंत्रक परस्परांशी जोडलेले असतात. काही उत्पादकांनी ध्वनी व दूरसंचार उपकरणांसाठी प्रकाशतंतूंचे वलय वापरले असून त्यातील एक उपकरण बंद पडल्यास संपूर्ण वलय मुके होते. नवी बॅटरी बसवल्यावर अनेक बीएमडब्ल्यू मोटारींत तिची नोंद संगणकातून करावी लागते. चोरीप्रतिबंधाशी निगडित भाग विशिष्ट मोटारीच्या ओळख-क्रमांकाशी बांधलेले असतात, म्हणून भंगारातून आणलेला भाग धडधाकट असूनही कित्येकदा चालत नाही.

भारतातील पार्श्वभूमी

मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यात, तेव्हाच्या टेल्कोच्या कारखान्यात, डब्ल्यू१२४ पिढीच्या ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २००९ मध्ये कंपनी चाकण येथील स्वतःच्या कारखान्यात गेली. बीएमडब्ल्यूने २००७ मध्ये चेन्नईजवळ जुळणी सुरू केली, तर ऑडीच्या मोटारी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे जुळवल्या जाऊ लागल्या. देशात जुळणी झाल्याने नव्या मोटारीवरील आयातकर कमी पडला. तथापि, जुळणी म्हणजे सर्व भागांचे उत्पादन नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स व नियंत्रक यांचे पुष्कळसे भाग आयातच होतात आणि त्यांची वाट पाहण्यात मोटार कधीकधी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहते.

डब्ल्यू१२४ ही पिढी टिकाऊपणासाठी आजही नावाजली जाते. तिची पुष्कळशी दुरुस्ती पान्यांनी व अनुभवी हातांनी होत असे. त्यानंतरच्या पिढ्यांत सोयी वाढल्या, तसा गल्लीतल्या गॅरेजचा आधार कमी झाला.

सुटे भाग आणि स्पर्धेचा प्रश्न

मालकापुढे साधारणतः तीन मार्ग असतात. अधिकृत सेवाकेंद्रात उत्पादकाच्या वेष्टनातील भाग मिळतात व ते सर्वांत महाग असतात. दुसरा मार्ग मूळ पुरवठादाराचा आहे. बॉश, झेडएफ, माहले, बिलश्टाइन यांसारख्या कंपन्या मोटार-उत्पादकांना पुरवतात त्या दर्जाचे भाग स्वतःच्या नावानेही विकतात, आणि ते बहुधा स्वस्त पडतात. तिसरा मार्ग मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता किंवा दिल्लीतील मायापुरी यांसारख्या जुन्या भागांच्या बाजाराचा आहे. दरवाजा, आरसा, आसन यांसाठी तो उपयुक्त असला, तरी ब्रेक, स्टिअरिंग व एअरबॅग यांसाठी धोक्याचा आहे.

स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका व निदान-संगणक मिळू न देण्याची प्रथा भारतीय स्पर्धा आयोगापुढे आली होती. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व माहिती खुली करण्याचे निर्देश दिले. त्यांत सर्वसामान्यांच्या मोटारी बनवणारे व आलिशान मोटारी बनवणारे असे दोन्ही प्रकारचे उत्पादक होते. या आदेशाला न्यायालयांत व अपील न्यायाधिकरणात आव्हान देण्यात आले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश होता.

विमा

विमा झीज व यांत्रिक बिघाड यांची भरपाई करत नाही. निलंबनाचा फुगा फुटणे किंवा साखळी सैल होणे हा खर्च पूर्णतः मालकाचा असतो. अपघातानंतरही जुन्या मोटारीच्या मालकाला पूर्ण रक्कम मिळत नाही. प्रचलित भारतीय विमापत्रात रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी व एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या मोटारीसाठी ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के घसारा धरला जातो. शून्य-घसारा संरक्षण बहुधा पहिल्या काही वर्षांपुरतेच उपलब्ध असते.

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास मोटार ‘संपूर्ण हानी’ समजली जाते. भाग महाग व घोषित मूल्य अल्प असल्याने जुनी आलिशान मोटार ही मर्यादा लवकर ओलांडते. पुढचा बंपर, दोन दिवे, रेडिएटर आणि उघडलेल्या एअरबॅगा एवढ्यानेही ते घडू शकते. त्याच धडकेतील नवी मोटार दुरुस्त होऊन रस्त्यावर येते.

पुराचे पाणी हा मुंबई व कोकणपट्टीत स्वतंत्र विषय आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी बुडाल्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही व कनेक्टिंग रॉड वाकतात. अशी हानी साध्या विमापत्रात सहसा नाकारली जाते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. बुडालेल्या मोटारी स्वच्छ करून दूरच्या शहरांत विकल्या जातात. गालिच्याखालचा गाळ, आसनपट्टा पूर्ण ओढल्यावर दिसणारा डाग आणि आसनांखालील गंजलेले बोल्ट यांवरून त्या ओळखता येतात.

नोंदणी व वयोमर्यादा

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये, तर आयात मोटारींसाठी ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते अनुक्रमे १०,००० व ८०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ मधील निर्णय यांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल व १५ वर्षांपुढील पेट्रोल मोटारींवर निर्बंध आले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई न करण्याचे अंतरिम निर्देश दिले. दरम्यानच्या काळात नऊ-दहा वर्षांच्या डिझेल आलिशान मोटारी दिल्लीतून अन्य राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. अशी मोटार महाराष्ट्रात आणताना ना-हरकत प्रमाणपत्र, पुनर्नोंदणी व येथील मोटार-वाहन कर यांचा हिशेब न केल्यास वाचलेले पैसे वाटेतच संपतात.

खरेदीपूर्व तपासणी

जुन्या मोटारीचे खरे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मधील ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या निबंधात याच उदाहरणावरून माहितीच्या विषमतेचा सिद्धान्त मांडला. दोष कळत नसल्याने ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. मग चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून अंग काढून घेतात आणि उरलेल्या मोटारींचा दर्जा आणखी खालावतो. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत अकरलॉफ होते.

ही विषमता काही अंशी कमी करता येते. ओळख-क्रमांकावरून अधिकृत केंद्रातील सेवेचा इतिहास मिळवणे, निदान-संगणकाने साऱ्या नियंत्रकांतील दोष-संकेत वाचून घेणे, थंड इंजिन स्वतः सुरू करून आवाज ऐकणे आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून मोटार उचलून तळ तपासणे, हे त्यांतील प्रमुख उपाय होत. थोड्याच वेळापूर्वी पुसलेले दोष-संकेत हीदेखील एक माहितीच असते. सेवेचा इतिहास विशिष्ट तारखेनंतर तुटला असेल, तर मोटार परवडेनाशी झाल्याचा तो बहुधा पुरावा असतो. किलोमीटरचा आकडा बदलता येतो, सेवाकेंद्रातील जुन्या नोंदी बदलणे अवघड असते.

सुरक्षितता

खर्च झेपत नसला की मालक प्रथम न दिसणारी कामे पुढे ढकलतो. ब्रेकचे द्रव, निलंबनाचे बुश आणि टायर ही त्यांतील नेहमीची होत. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होते. त्याच्या बाजूवरील चार अंकी संख्येतील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवतात, उदाहरणार्थ २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगक्षमता असलेल्या जड मोटारीला स्वस्तातले, कमी वेग-श्रेणीचे टायर बसवण्याने होणारी बचत जिवावर बेतू शकते.

एका बाबतीत मात्र जुन्या मोटारीच्या मालकाला खर्च करावा लागत नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेटयुक्त स्फोटक उष्ण व दमट हवेत कालांतराने अस्थिर होते आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. जगभरातील या प्रकरणात बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ व ऑडी यांच्याही मोटारी होत्या. उत्पादकाने परत बोलावलेल्या मोटारीतील असा भाग विनामूल्य बदलला जातो आणि त्यासाठी मोटारीचा कितवा मालक आहे, हे पाहिले जात नाही. परंतु उत्पादकाचे पत्र नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. दोनतीनदा हात बदललेल्या मोटारीच्या बाबतीत ते पोहोचेलच असे नाही, म्हणून सध्याच्या मालकाने ओळख-क्रमांक देऊन सेवाकेंद्रात स्वतः चौकशी करावी लागते.