जुना टीव्ही भंगारात, कंपनी मोकळी? ई-कचऱ्याचा कायदा काय सांगतो, जाणून घ्या

पवनी : दिवाळीची साफसफाई निघाली की पवनी तालुक्यातील गावागावांत माळ्यावरचा जुना डब्बा टीव्ही, जळालेला मिक्सर, बंद पडलेला मोबाईल आणि चार्जरच्या वायरींचा गुंता बाहेर निघतो. भंगारवाला येतो, वजन करतो, थोडेफार पैसे देतो आणि घेऊन जातो. घर मोकळे होते. पुढे त्या टीव्हीचे काय होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

पण कायद्याने ही जबाबदारी कोणावर आहे, हे ठरलेले आहे. ती टीव्ही वापरणाऱ्यावर नाही, भंगारवाल्यावरही नाही. ज्या कंपनीच्या नावाने तो टीव्ही बाजारात विकला गेला, त्या कंपनीवर आहे. वस्तू विकून पैसे घेतले म्हणजे कंपनी सुटली, असे नाही. वस्तू निकामी झाल्यावर तिची योग्य विल्हेवाट लागेल, हे पाहण्याचा खर्चही तिचाच. यालाच ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणतात. सरकारी कागदांवर याचे इंग्रजी लघुरूप ‘ईपीआर’ असे दिसते.

ई-कचरा म्हणजे काय?

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी जी वस्तू वापरणाऱ्याने टाकून दिली, तो ई-कचरा. मोबाईल, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, प्रिंटर, पंखा, मिक्सर, इस्त्री, सीएफएल बल्ब अशा वस्तू यात येतात. सध्याच्या नियमांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. आधीच्या नियमांत २१ च होत्या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशात सुमारे १६ लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यापैकी नियमानुसार गोळा होऊन प्रक्रिया झालेला कचरा सुमारे ५ लाख २७ हजार टन, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. जगातही चित्र वेगळे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातील २२.३ टक्केच नोंद ठेवून रिसायकल झाला.

कायदा कसा आला?

वस्तू बनवणाऱ्याने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, ही कल्पना स्वीडनमधील थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडली. भारतात ती २०११ च्या ई-कचरा नियमांतून आली. हे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ चे नियम आले. आता लागू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२. ते १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. हे सर्व नियम पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली केलेले आहेत.

कंपनीने काय करायचे?

नियमांत ‘उत्पादक’ म्हणजे फक्त कारखानदार नव्हे. दुसऱ्याकडून माल बनवून स्वतःच्या ब्रँडने विकणारा आणि परदेशातून माल आणून विकणारा, हेही उत्पादकच. ऑनलाईन विकले तरी सुटका नाही. अगदी लहान, म्हणजे सूक्ष्म उद्योगांना मात्र सूट आहे.

उत्पादकाची मुख्य कामे अशी :

१) केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करणे.

२) ठरवून दिलेल्या टार्गेटएवढा ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकल झाल्याचे प्रमाणपत्र घेणे.

३) जुन्या वस्तू कुठे आणि कशा द्यायच्या, याची माहिती लोकांपर्यंत पोचवणे.

४) केलेल्या कामाचा हिशेब पोर्टलवर वेळेवर भरणे.

५) नवीन वस्तूत शिसे, पारा, कॅडमियम यांसारखे घातक पदार्थ ठरलेल्या मर्यादेतच ठेवणे.

टार्गेट कसे काढतात?

समजा, एखाद्या वस्तूचे सरासरी आयुष्य १० वर्षे धरले आहे. कंपनीने २०१५-१६ मध्ये अशा १,००० टन वस्तू विकल्या. त्या २०२५-२६ मध्ये कचरा होतील, असे मानले जाते. २०२५-२६ चे टार्गेट ७० टक्के आहे. म्हणजे कंपनीला त्या वर्षी ७०० टनांची प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. हे प्रमाण २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के होते. २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ते ८० टक्के होईल.

रिसायकलरने कचऱ्यातून सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम हे धातू किती काढले, त्यावर प्रमाणपत्र तयार होते. कंपनी ते पैसे देऊन विकत घेते. या पैशातूनच ई-कचरा गोळा करणे आणि नीट हाताळणे परवडावे, असा हेतू आहे. प्रमाणपत्राचा भाव फार पाडला जाऊ नये म्हणून २०२४ मध्ये किमान दर ठरवला गेला. घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये, तर स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. हा दर जास्त असल्याचे सांगत सॅमसंग, एलजी, डायकिन यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जुन्या वस्तूचा खर्च कोणी उचलायचा, याचीच ही ओढाताण आहे.

टार्गेट चुकले तर?

कंपनीला पर्यावरण भरपाई भरावी लागते. भरपाई भरली म्हणून काम माफ होत नाही. राहिलेले टार्गेट पुढे ओढले जाते. वर्षभरात ते पूर्ण केल्यास भरपाईतील ८५ टक्के रक्कम परत मिळते, दोन वर्षांत केल्यास ६० टक्के, तीन वर्षांत केल्यास ३० टक्के. त्यानंतर काहीच नाही. पर्यावरण कायदा मोडल्याबद्दल १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे.

मग गावात काही दिसत का नाही?

खरी गोम इथे आहे. कंपनीचे टार्गेट देशाचे मिळून मोजले जाते, तालुक्याचे किंवा गावाचे नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून कचरा एका जागी, गाडीभर मिळतो. तिथल्या कचऱ्यावर प्रमाणपत्र घेऊन कंपनीचा आकडा पूर्ण होऊ शकतो. पवनी, अड्याळ, आसगावकडे गाडी पाठवली नाही म्हणून टार्गेटमध्ये काही कमी पडत नाही.

२०१६ च्या नियमांत कंपनीला संकलन केंद्रे कुठे आणि कशी असतील, हे आपल्या आराखड्यात दाखवावे लागत होते. २०२२ च्या नियमांत सगळा भर रिसायकलरच्या प्रमाणपत्रावर आला. हिशेब नेटका झाला. पण शेवटच्या गावातून वस्तू उचलणार कोण, हे मोकळेच राहिले. ती जागा भंगारवाल्याने भरली आहे.

भंगारवाला हा काही दोषी माणूस नाही. दारोदार फिरून वस्तू गोळा करण्याचे काम तोच करतो. नुकसान होते ते पुढे, वस्तू फोडताना. तांबे काढायला वायर जाळली की प्लास्टिकचा विषारी धूर निघतो. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसे असते, सीएफएलमध्ये पारा असतो, फ्रीजची नळी कापली की गॅस हवेत जातो. ही राख आणि काच बोडीच्या पाळीवर किंवा नाल्याच्या काठावर पडली, तर पावसात तिथले विष पाण्यात उतरते. तालुक्याला वैनगंगेचा आणि गोसीखुर्द धरणाचा शेजार आहे. धानाची बांधी याच पाण्यावर, जनावरांचे पिणे याच पाण्यावर. नागपूरचे सांडपाणी नाग नदी आणि कन्हान नदीतून वैनगंगेत येते, ते दुखणे आधीच आहे. त्यात गावाने आपली भर घालू नये.

शेतातल्या बॅटऱ्या आणि सोलर पॅनेलचे काय?

फवारणीचा बॅटरी पंप, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन, घरचा इन्व्हर्टर यांच्या बॅटऱ्या ई-कचरा नियमांत येत नाहीत. त्यांच्यासाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ वेगळे आहेत. तत्त्व तेच. बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी आहे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी देऊन नवी घेताना दुकानदार किंमत कमी करतो. ही पद्धत चांगली आहे, जुनी बॅटरी तशीच द्यावी. बॅटरी फोडून ॲसिड बांधावर ओतणे सर्वात वाईट.

सोलर पंपाची पॅनेले मात्र ई-कचरा नियमांत आहेत. त्यांच्या कंपन्यांनी २०३४-३५ पर्यंतचा पॅनेलचा कचरा नियमाप्रमाणे साठवून ठेवायचा आहे. गावोगावी सोलर पंप बसत आहेत. आज बसवलेले पॅनेल उद्या निकामी झाल्यावर कोणाला द्यायचे, हे बसवतानाच विचारून घ्यावे. कंपनीचे नाव, पॅनेलचा क्रमांक आणि कागदपत्रे जपून ठेवावीत.

गावकऱ्यांनी काय करावे?

- नवीन टीव्ही, फ्रीज किंवा मोबाईल घेताना जुनी वस्तू परत घेता का, असे दुकानदाराला विचारावे. घेत असेल तर बिलावर तशी नोंद करून घ्यावी.

- कंपनीच्या वेबसाईटवर ‘ई-कचरा’ विभाग पाहावा. अनेक कंपन्या तिथे टोल फ्री क्रमांक आणि संकलन केंद्रांची यादी देतात. फोन करून गावाचे नाव आणि पिनकोड सांगावा, तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

- वस्तूवर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारलेले चिन्ह असेल, तर ती साध्या कचऱ्यात टाकायची नाही, असा त्याचा अर्थ आहे.

- मोबाईल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढावे, फोटो व बँकेची माहिती पुसून फोन रिसेट करावा. फुगलेली बॅटरी टोचू नये, तापवू नये.

- भंगारवाल्यालाच द्यायचे असेल तर वस्तू न फोडता, न जाळता अख्खी द्यावी. अख्खी वस्तू नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोचली तरच ती कायद्याच्या हिशेबात येते.

ग्रामपंचायत आणि नगर परिषदेचे काम

साध्या कचऱ्यात ई-कचरा मिसळलेला दिसला तर तो वेगळा काढून नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवणे, हे स्थानिक संस्थांचे काम आहे. ज्या वस्तूची कंपनीच राहिली नाही, अशा बेवारस वस्तूही त्यात येतात. पवनी नगर परिषदेकडे आणि आपापल्या ग्रामपंचायतीकडे नागरिकांना ही मागणी करता येते.

एका घरच्या एका मिक्सरसाठी नागपूरहून गाडी येणार नाही, हे उघड आहे. पण चार-पाच गावांनी मिळून वर्षातून एक दिवस ठरवला, शाळेच्या किंवा पंचायतीच्या एका खोलीत सगळा माल जमवला, तर गाडीभर वजन होते. मग रिसायकलरला यायला परवडते आणि कंपनीलाही त्याचे प्रमाणपत्र मिळते. माल देताना रिसायकलरचे नाव, नोंदणी क्रमांक आणि वजन लिहिलेली पावती पंचायतीने घ्यावी. रिसायकलर नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते. उघड्यावर वायर जाळणे सुरू असेल तर स्थानिक संस्थेकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. रस्ते, नाल्या, घरकुलांच्या विषयांसोबत ई-कचरा संकलनाचा एक ठराव मांडायला काही खर्च येत नाही. वस्तू घेताना गावच्या माणसाने शहरातल्या माणसाएवढीच किंमत मोजलेली असते. ती वस्तू परत नेण्याची कंपनीची जबाबदारीही मग गावापर्यंत यायला हवी.