परदेशचे विद्यार्थी, घरचे विद्यार्थी : जुन्या गोव्यातील संत पौल महाविद्यालय

अलीकडे विद्यापीठांच्या परिपत्रकांत ‘शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढता याव्यात म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली नियमही केले. विद्यार्थ्याला विषयाचे ज्ञान असणे पुरेसे नाही. परक्या समाजात वावरण्याची, तेथील माणसाचे मन ओळखण्याची तयारी त्याच्या अंगी बाणली पाहिजे, असे या नव्या धोरणाचे सांगणे आहे. विचार चांगला आहे, नवा मात्र नाही. पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हा प्रयोग गोव्याच्या भूमीवर झाला. तो कोठे फळला आणि कोठे कुजला, हे पाहण्याजोगे आहे.

जुन्या गोव्यात रस्त्याच्या कडेला एक एकाकी दगडी कमान उभी आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती बसच्या खिडकीतून पाहिली असेल. संत पौल महाविद्यालयाच्या चर्चचा एवढाच अवशेष शिल्लक आहे. व्हिकार जनरल मिगेल व्हाझ आणि फादर दियोगो द बोर्बा यांच्या पुढाकाराने १५४१ साली ‘सांता फे’ म्हणजे पवित्र श्रद्धा या नावाच्या बंधुसंघाने ही संस्था सुरू केली. पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतील मुलांना येथे आणावे, त्यांना शिकवावे आणि आपापल्या लोकांत परत पाठवावे, हा तिचा मूळ हेतू होता. संस्थेच्या खर्चासाठी तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न लावून देण्यात आले, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्या शाळेच्या पायात शेजाऱ्याच्या देवळाचे दगड आहेत, तिच्या कीर्तीचे पोवाडे गाताना आवाज थोडा खालीच ठेवावा, असे आम्हांला वाटते.

तरीही तिचा मूळ हेतू विलक्षण होता. पूर्व आफ्रिकेपासून मलाया द्वीपसमूहापर्यंतची मुले एका छपराखाली लॅटिन घोकत होती. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले तेव्हा त्यांच्या मनात या संस्थेविषयी मोठी आशा उत्पन्न झाली आणि काही वर्षांतच तिचा कारभार येशूसंघाकडे आला. १५५६ साली भारतातील पहिला छापखाना येथेच सुरू झाला. लोकांनी तर येशूसंघाच्या धर्मगुरूंना या विद्यालयावरूनच ‘पावलिस्त’ हे नाव दिले.

या विद्यालयात १५४८ साली आलेला एक विद्यार्थी विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्याचे नाव आंजिरो, राहणार जपानमधील कागोशिमा. मलाक्का येथे त्याची झेवियर यांच्याशी गाठ पडली होती. गोव्यात त्याचा स्नानसंस्कार झाला व त्याला ‘पावलो द सांता फे’ हे नाव मिळाले. पण आम्हांला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. विद्यालयातील इटालियन धर्मगुरू निकोलाव लान्सिलोत्तो यांनी या विद्यार्थ्याला समोर बसवून जपानची राज्यव्यवस्था, तेथील मठ, उपासना, चालीरीती यांविषयी प्रश्न विचारले आणि मिळालेली माहिती लिहून काढून युरोपात धाडली. गुरूने लेखणी हाती घ्यावी आणि शिष्याने सांगावे, असे दृश्य आपल्या आजच्या वर्गांतही फारसे दिसत नाही.

ही माहिती सर्वस्वी बिनचूक होती असे नाही. आंजिरो विद्वान भिक्षू नव्हता. परमेश्वरासाठी त्याने ‘दाइनिची’ हा बौद्ध पंथातील शब्द सुचविला. झेवियर जपानात तोच शब्द वापरीत राहिले. या परदेशी गुरूंचा धर्म म्हणजे आपलाच धर्म, असे तेथील भिक्षूंना वाटू लागले, तेव्हा कोठे घोटाळा उघड झाला. मग त्यांनी तो शब्द टाकून लॅटिन वळणाचा ‘देऊस’ स्वीकारला. एका माणसाला विचारून एक देश कळत नाही, हा धडा त्यांना प्रत्यक्ष उपदेश करता करता मिळाला.

तिकडे झेवियर जपानात शब्दांशी झुंजत असताना इकडे गोव्यात त्यांच्या पाठीमागे निराळेच घडत होते. नवे रेक्टर आंतोनियो गोमिश हे मोठे वक्ते होते; परंतु पोर्तुगालमधील कोइंब्राचे विद्यालय जसेच्या तसे गोव्यात उभे करावे, हे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांनी एतद्देशीय मुलांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज तरुण घेतले. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांनाच घराबाहेर काढले! झेवियर १५५२ साली परत आले ते संतापूनच. त्यांनी गोमिश यांना पदावरून दूर करून दीवला धाडले आणि विद्यालयाचा मूळ उद्देश पुन्हा मार्गी लावला.

पण असे प्रश्न एकदा सुटून कायमचे सुटत नाहीत. १३ सप्टेंबर १५७८ रोजी पंचवीस वर्षांचा एक इटालियन तरुण गोव्यात उतरला. मात्तेओ रिच्ची हे त्याचे नाव. रोमच्या महाविद्यालयात विख्यात गणिती क्लावियुस यांच्या हाताखाली तो शिकलेला होता. गोव्यात तो ईशज्ञान शिकू लागला आणि त्याचबरोबर विद्यार्थ्यांना लॅटिन व ग्रीक शिकवू लागला. १५८१ साली वरिष्ठांनी असा निर्णय घेतला की, एतद्देशीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान या वरच्या वर्गांत बसू देऊ नये. थोडे लॅटिन आणि पापनिवेदनाला लागणारे व्यावहारिक नीतिशास्त्र त्यांना पुरे. कारण काय, तर जास्त शिकले की ते गर्विष्ठ होतील आणि लहान धर्मग्रामांत सेवा करायला तयार होणार नाहीत.

रिच्ची यांनी २५ नोव्हेंबर १५८१ रोजी येशूसंघाचे सर्वश्रेष्ठ अधिकारी क्लावदियो आक्वाव्हिवा यांना पत्र लिहून या निर्णयाचा निषेध केला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शिक्षणाने गर्व येतो असे म्हणायचे तर तो युरोपातील विद्यार्थ्यांनाही येतो. म्हणून तेथे आपण कोणाला शिकवायचे थांबवतो काय? या मुलांना पुढे धर्मगुरू होऊन आत्म्यांची जबाबदारी घ्यायची आहे. नाना धर्मांच्या लोकांत राहून त्यांच्या प्रश्नांना ज्याला उत्तर देता येत नाही, असा अडाणी धर्मगुरू आपण मुद्दाम घडवावा काय? आणि अखेरचा मुद्दा त्यांना सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. या देशात हे लोक आधीच अपमानित जिणे जगत आहेत. आपण त्यांना आधार दिला म्हणूनच ते आपल्यावर माया करतात. आता आपणच त्यांच्या विरुद्ध आहोत असे त्यांना वाटले, तर ती माया राहील कशी?

रिच्ची पुढे चीनमध्ये गेले. चिनी पंडिताचा वेष, चिनी भाषेत मैत्रीवर लिहिलेला ग्रंथ, जगाचा नकाशा, १६०७ साली शू ग्वांगची यांच्यासह केलेले युक्लिडच्या भूमितीचे भाषांतर, ही सारी कीर्ती शाळेतल्या पुस्तकांतही आढळते. आमच्या मते या सर्वांची पहिली कसोटी गोव्यात झाली. परक्याची भाषा शिकणे हे बुद्धीचे काम आहे. त्याला आपल्या बाकावर शेजारी बसू देण्यासाठी मात्र निराळे अंतःकरण लागते. तीस वर्षेही पुरी न झालेल्या त्या तरुणापाशी ते होते.

त्यानंतर सहा वर्षांनी याच विद्यालयात एक समारंभ झाला. फादर आलेस्सान्द्रो वालिन्यानो यांनी जपानहून चार मुले रोमला पाठविली होती. पोप ग्रेगरी तेरावे यांचे दर्शन घेऊन ती परतीच्या वाटेवर गोव्यात आली. त्यांपैकी हारा मार्तिन्यो याने ४ जून १५८७ रोजी संत पौल महाविद्यालयात लॅटिन भाषेत भाषण केले आणि १५८८ साली ते गोव्यात छापले गेले. दूर देशीच्या कुमाराच्या लॅटिनचे कौतुक व्हावे आणि जवळच्या गावच्या मुलाला वरच्या वर्गाचे दार बंद असावे! परदेशचा विद्यार्थी हा पाहुणा असतो. त्याचे आदरातिथ्य करणे सोपे जाते. घरचा विद्यार्थी हिस्सा मागतो.

याच काळात गोव्यात आलेल्या एका इंग्रज तरुणाने उलट दिशेने प्रवास केला. फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले ते १६१९ साली मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ साष्टीत गेला. कुंकळ्ळी येथे १५८३ साली रोदोल्फो आक्वाव्हिवा व त्यांचे सोबती मारले गेले, तेव्हा त्यांचे देह मिळवून आणण्याचे काम त्यांनीच केले. त्याच वर्षी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, असे त्यांनी नोंदविले. सर विल्यम जोन्स यांचे यासंबंधीचे प्रसिद्ध भाषण १७८६ सालचे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे आहे.

स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी, येथील ग्रंथ येथल्याच लिपीत छापले जावेत ही अनेक वर्षांची इच्छा बोलून दाखविली. अडचण होती ती खिळ्यांची. आपली लिपी जोडाक्षरांची. तिच्यासाठी सहाशेच्या घरात साचे लागणार होते. ते जमले नाही आणि मराठी पुराण रोमन अक्षरांत निघाले. आज कोणतेही मराठी पुस्तक उघडताना या सहाशे साच्यांची आठवण आम्हांला होते.

वसईकरांना येथे संत गोन्सालो गार्सिया आठवल्यावाचून राहणार नाहीत. वसईत येशूसंघीयांकडे शिकलेला हा मुलगा सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि जपानी इतके उत्तम शिकला की, १५९३ साली मनिलाहून हिदेयोशीकडे गेलेल्या पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाचा तो दुभाषा झाला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नव्हती. फ्रान्सिस्कन संघाने त्याला बंधू म्हणून स्वीकारले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याने रक्तसाक्ष दिली. आज वसईतील एक महाविद्यालय त्याचे नाव मिरवते.

गोव्यातील दार बंद झाले म्हणून माणसे थांबली नाहीत. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात गुरुदीक्षा मिळेना, तेव्हा ते रोमला गेले, तेथे शिकले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली त्यांचा महागुरू म्हणून अभिषेक झाला. लॅटिन विधीचे ते पहिले भारतीय महागुरू. गोव्याच्या सत्ताधीशांनी त्यांना सुखाने काम करू दिले नाही. त्यांचा अधिकार विजापूरच्या मुलखात होता व १६७७ साली रोममध्येच त्यांचे निधन झाले. पुढे २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यांनी, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. रिच्ची यांनी दिलेला इशारा किती जणांच्या ध्यानी राहिला असेल ते उघड आहे.

मात्र या फर्मानाला तीन वर्षे होतात न होतात तोच, १६८७ साली, बाणावलीच्या आजोळी जन्मलेले फादर जुझे वाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेला पोहोचले. मानव्यविद्या ते संत पौल महाविद्यालयात शिकले होते. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान त्यांनी डॉमिनिकन संघाच्या विद्यालयात पुरे केले. श्रीलंकेत त्यांनी तमिळ आत्मसात केली. कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले, तेथे ते सिंहली शिकले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. १७०५ साली त्यांच्या मदतीला दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विश आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत इतके ग्रंथ लिहिले की, सिंहली कॅथलिक साहित्याचा इतिहास आजही त्यांच्या नावापासून सुरू होतो.