गाय उलटली, दोष कुणाचा?

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट आमच्या भोकरदन तालुक्यातल्या गोठ्यातून सुरू होते.

मी शाळेत असताना आमची एक गाय सारखी उलटायची. तीनदा कांडी भरली, तीनदा परत माजावर. शेवटी आजोबांनी तिला बाजार दाखवला. "गायच खराब निघाली," एवढंच बोलले. वळूचा विषयही कुणी काढला नाही.

आता जरा मागे जाऊ. गाईच्या पेशीत 60 गुणसूत्रं असतात, म्हणजे 30 जोड्या. त्यांच्या डीएनएत काही मजकूर पुन्हा पुन्हा येतो, भजनातल्या ध्रुपदासारखा. त्याला सॅटेलाइट डीएनए म्हणतात. पण तो बसतो कुठं? 1970 मध्ये अमेरिकेत मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी उंदरात ते दाखवलं. किरणोत्सारी खूण केलेला तुकडा काचपट्टीवरच्या गुणसूत्रांवर सोडला. तो आपल्यासारख्या मजकुराला शोधून चिकटला, आणि फोटोच्या लेपावर काळे ठिपके उमटले. कुठं? सेंट्रोमिअरपाशी, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्राला जिथून ओढलं जातं तिथं. पुढं गुरांवरही असे प्रयोग झाले. 29 साध्या जोड्यांच्या टोकाशी ठिपके दाट, एक्स-वायवर मात्र जवळजवळ नाहीतच.

आता आमच्या गाईकडे या. 1964 मध्ये स्वीडनमध्ये इंगेमार गुस्तावसन आणि गुन्नार रॉकबोर्न यांना काही गुरांत 60 ऐवजी 59 गुणसूत्रं दिसली. सगळ्यात मोठं 1 नंबरचं आणि 29 नंबरचं एकमेकांना चिकटलं होतं, तेही सेंट्रोमिअरपाशीच, या ध्रुपदाच्या जागी! जनावर दिसायला ठणठणीत, पण गर्भ टिकण्याचं प्रमाण घटतं. वळूत हा दोष असेल तर एकाच्या कांड्या हजारो गायींपर्यंत जातात. म्हणून स्वीडननं असे वळू बाजूला काढले. आपल्याकडेही वीर्यकेंद्रावर घेण्याआधी वळूची गुणसूत्रं तपासायचा नियम आहे. थोडंसं रक्त पुरतं.

आमच्या गाईचं काय झालं होतं, मला माहीत नाही. कारणं शंभर असतात: खुराक, माजाची चुकलेली वेळ, गर्भाशयाचा आजार. पण तपासणी एकही झाली नव्हती आणि निकाल मात्र लागला होता. तेवढं मनात राहिलंय. तुमच्या गोठ्यात गाय उलटली, तर बाजाराआधी डॉक्टरांना फोन करा. भेटू पुढच्या भागात!