जीवनसत्त्व अ पूरकांचा सुरक्षित वापर

जीवनसत्त्व अ पूरकांचा सुरक्षित वापर म्हणजे गोळी, कॅप्सूल किंवा तोंडावाटे द्यावयाच्या द्रावणाच्या स्वरूपातील जीवनसत्त्व अ योग्य व्यक्तीला, योग्य मात्रेत व योग्य अंतराने देणे होय. हे जीवनसत्त्व दृष्टी, रोगप्रतिकारशक्ती, वाढ आणि त्वचा व श्लेष्मल आवरणांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. ते मेदविद्राव्य असल्याने शरीरातील त्याचा मोठा भाग यकृतात साठतो. दर सहा महिन्यांनी एकच मोठी मात्रा देऊन बालकांचे संरक्षण करता येते ते या साठ्यामुळेच. अतिमात्रेचा धोकाही याच साठ्यातून उद्भवतो.

प्रकार व एकके

पूरकांमध्ये जीवनसत्त्व अ दोन स्वरूपांत आढळते. रेटिनॉल व त्याची संयुगे (उदा. रेटिनिल पामिटेट) हे तयार जीवनसत्त्व असून ते यकृत, माशांच्या यकृताचे तेल, दूध, तूप व अंडी यांतही असते. बीटा-कॅरोटीन हे वनस्पतिजन्य पूर्वद्रव्य असून शरीर गरजेनुसार त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर करते. विषबाधेचा धोका मुख्यतः पहिल्या प्रकाराशी संबंधित आहे. गाजर, पपई इत्यादींच्या अतिसेवनाने त्वचा पिवळसर दिसू शकते, परंतु हा बदल निरुपद्रवी असतो.

औषधांवर मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत (आय.यू.) किंवा मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते. रेटिनॉलचे १ आय.यू. म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम. म्हणजेच १०,००० आय.यू. ची कॅप्सूल ३,००० मायक्रोग्रॅमची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार दैनंदिन गरज प्रौढ पुरुषास १,००० व प्रौढ स्त्रीस ८४० मायक्रोग्रॅम आहे. १ ते ३ वर्षांच्या बालकास ती ३९० मायक्रोग्रॅम आहे. प्रौढांसाठी सुरक्षित सेवनाची कमाल दैनंदिन मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. गरज आणि मर्यादा यांतील हे अंतर अनेक जीवनसत्त्वांच्या तुलनेत कमी आहे.

भारतातील कार्यक्रम

जीवनसत्त्व अ च्या अभावाने प्रथम रातांधळेपणा येतो. पुढे डोळे कोरडे पडणे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके (बिटॉटचे ठिपके) दिसणे व अखेरीस पारपटल मऊ पडून कायमचे अंधत्व येणे, अशी ही अवस्था वाढत जाते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारे भारत सरकारने १९७० मध्ये पोषणजन्य अंधत्वाच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९९४ मध्ये तो ९ महिने ते ३ वर्षे या वयोगटावर केंद्रित करण्यात आला. २००६ मध्ये वयोमर्यादा पुन्हा ५ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली.

सध्याच्या वेळापत्रकानुसार बालकाला एकूण ९ मात्रा दिल्या जातात :

* पहिली मात्रा : वयाचे ९ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेला लसीसोबत – १ लाख आय.यू. (१ मिली)
* दुसरी मात्रा : १६ ते १८ महिने वयात – २ लाख आय.यू. (२ मिली)
* तिसरी ते नववी मात्रा : दर ६ महिन्यांनी, वयाच्या ५ वर्षांपर्यंत – प्रत्येकी २ लाख आय.यू. (२ मिली)

सर्व मात्रांची बेरीज १७ लाख आय.यू. होते. २ लाख आय.यू. म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. ही मात्रा प्रौढाच्या दैनंदिन कमाल मर्यादेच्या २० पट असली तरी १८० दिवसांवर विभागल्यास ती दिवसाला सुमारे ३३३ मायक्रोग्रॅम, म्हणजे लहान बालकाच्या दैनंदिन गरजेपेक्षाही कमी, भरते. त्यामुळे दोन मात्रांमधील सहा महिन्यांचे अंतर हा मात्रेचाच भाग ठरतो. हे अंतर न पाळता तीच मात्रा काही दिवसांत पुन्हा दिल्यास हा हिशोब कोलमडतो.

गोवर झालेल्या बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वेगळी आहे. त्यांना वयानुसार ५० हजार, १ लाख किंवा २ लाख आय.यू. ची मात्रा लागोपाठ दोन दिवस दिली जाते. हा उपचार असून तो वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचा असतो.

मोजमाप व साठवण

शासकीय कार्यक्रमातील द्रावणाच्या प्रत्येक मिलीमध्ये १ लाख आय.यू. जीवनसत्त्व असते. बाटलीसोबत २ मिली मापाचा प्लॅस्टिकचा चमचा येतो. अर्ध्या खुणेपर्यंत १ लाख व पूर्ण भरल्यास २ लाख आय.यू. होतात. घरातील चमचा, वाटी किंवा दुसऱ्या औषधाचे झाकण वापरू नये. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहितात व उघडल्यापासून ८ आठवड्यांच्या आत ती संपवितात. द्रावण थेट सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावे लागते.

मापाचे महत्त्व नोव्हेंबर २००१ मधील आसामच्या मोहिमेने अधोरेखित केले. तेथे नेहमीच्या २ मिली चमच्याऐवजी ५ मिली क्षमतेची मापे वापरण्यात आली होती. असे माप काठोकाठ भरल्यास ५ लाख आय.यू. म्हणजे अडीचपट मात्रा होते. मोहिमेनंतर अनेक मुले आजारी पडली व काही बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. मृत्यू आणि जीवनसत्त्व यांच्यातील कार्यकारणसंबंधावर मोहिमेचे आयोजक व टीकाकार यांच्यात तीव्र मतभेद झाले.

मावळ व लोणावळा परिसर

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही सह्याद्रीतील खोरी आणि लोणावळा, तळेगाव दाभाडे ही शहरे येतात. अतिवृष्टीच्या या पट्ट्यात भात हे मुख्य पीक आहे. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला 'इंद्रायणी' हा वाण प्रसिद्ध आहे. तांदळात मात्र जीवनसत्त्व अ किंवा त्याचे पूर्वद्रव्य जवळजवळ नसते. ही उणीव पावसाळ्यात उगवणारा टाकळा व कुरडू, तसेच अळू, माठ व शेवग्याचा पाला या भाज्यांनी भरून निघू शकते. कॅरोटीनच्या शोषणासाठी मेदाची गरज असल्याने तेलाची फोडणी किंवा शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी अधिक उपयुक्त ठरते.

तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर कातकरी, ठाकर व महादेव कोळी समाज राहतात. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवरील कामासाठी स्थलांतर करतात. अशा कुटुंबांतील बालकाची मात्रा चुकण्याचा, तसेच दोन ठिकाणच्या सत्रांत ती दोनदा मिळण्याचाही संभव असतो. दोन्ही टाळण्याचे मुख्य साधन म्हणजे माता व बाल संरक्षण कार्डावरील तारखेची नोंद. स्थलांतर करताना हे कार्ड सोबत ठेवणे आणि मात्रा देण्यापूर्वी अंगणवाडी सेविका, आशा किंवा आरोग्य सेविकेला मागील मात्रेची तारीख सांगणे आवश्यक असते. कार्ड हरवल्यास मूळ गावच्या आरोग्य उपकेंद्रातील नोंद पडताळून पाहता येते.

गर्भारपण

गर्भधारणेच्या काळात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, रेटिनॉलचे अतिसेवन गर्भात जन्मजात व्यंग निर्माण करू शकते. त्यामुळे दिवसाला १०,००० आय.यू. पेक्षा अधिक मात्रा टाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये गर्भवतींना सरसकट पूरक देऊ नये, मात्र रातांधळेपणाचे प्रमाण गंभीर असलेल्या भागांत मर्यादित मात्रा द्यावी, अशी शिफारस केली. बालकांसाठीचे द्रावण गर्भवतीने कधीही घेऊ नये. प्राण्यांच्या यकृतात रेटिनॉल अत्यंत जास्त असल्याने काही देशांत गर्भवतींना यकृत न खाण्याचा सल्ला दिला जातो.

इतर व्यक्ती व औषधे

* मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध जीवनसत्त्व अ चेच व्युत्पन्न आहे. ते घेत असताना जीवनसत्त्व अ ची पूरके घेऊ नयेत. हे औषध गर्भासही अत्यंत घातक असते.
* टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांसोबत मोठी मात्रा घेतल्यास कवटीतील दाब वाढण्याचा धोका असतो.
* यकृताचे विकार असणाऱ्यांना व नियमित मद्यपान करणाऱ्यांना कमी मात्रेतही अपाय होऊ शकतो.
* धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रा टाळाव्यात. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासात (१९९४) रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले.
* बहुजीवनसत्त्व गोळ्या, माशांच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल व समृद्धीकृत खाद्यपदार्थ यांतील मात्रा एकत्र मोजावी लागते. भारतात समृद्धीकृत खाद्यतेल व दुधाच्या वेष्टनावर '+एफ' हे चिन्ह असते.

अतिमात्रेची लक्षणे

एकाच वेळी फार मोठी मात्रा घेतल्यास मळमळ, उलट्या, डोकेदुखी, गुंगी व अंधुक दिसणे ही लक्षणे दिसतात. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. नियमित मात्रेनंतरही काही मुलांना सौम्य त्रास होतो, परंतु तो साधारणतः दोन दिवसांत थांबतो. अनेक महिने अतिसेवन झाल्यास त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, हाडे व सांधे दुखणे आणि यकृताची हानी असे परिणाम होतात.

त्रास वाढत असल्यास किंवा बालकाने बाटलीतील द्रावण वा गोळ्या चुकून घेतल्यास पूरक बंद करून तातडीने रुग्णालयात नेणे व औषधाचे वेष्टन सोबत नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. विशिष्ट उतारा उपलब्ध नसल्याने उपचार लक्षणांनुसार केले जातात.

मतभेद

इंडोनेशियातील १९८६ च्या अभ्यासात पूरक मिळालेल्या मुलांचा मृत्युदर सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला व त्यानंतर अनेक देशांनी असे कार्यक्रम स्वीकारले. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र लक्षणीय घट आढळली नाही. २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के मुलांत अभाव दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार सार्वत्रिक पूरक कार्यक्रमासाठी हे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. त्यामुळे सरसकट मात्रांऐवजी अभाव असलेल्या भागांपुरता कार्यक्रम ठेवावा, असे काही तज्ज्ञांचे मत आहे. सार्वत्रिक कार्यक्रमाचे समर्थक गोवर व कुपोषणग्रस्त वस्त्यांतील धोक्याकडे लक्ष वेधतात. विविधतापूर्ण आहार हाच कायमस्वरूपी उपाय आहे, याबाबत दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

हेही पहा

* रातांधळेपणा
* गोवर
* एकात्मिक बाल विकास सेवा योजना
* मावळ तालुका