फ्लोटिंग पॉइंटमधील अचूकतेची त्रुटी

फ्लोटिंग पॉइंट त्रुटी म्हणजे संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यांवर आकडेमोड करतो तेव्हा पडणारा सूक्ष्म फरक. हा यंत्राचा बिघाड नव्हे. छेदात फक्त 2 चे घात असतील तोच अपूर्णांक द्विमानात संपतो. 1/10 च्या छेदात 5 असल्याने 0011 हा गट अखंड फिरत राहतो, जसा दशांशात 1/3 चा 3. 1985 मध्ये ठरलेल्या आयट्रिपलई 754 मानकानुसार 64 बिटांपैकी 1 चिन्हाला, 11 घातांकाला व 52 अपूर्णांकाला मिळतात. त्यापुढची शेपटी पूर्णांकन करून सोडावी लागते. म्हणून 0.1 + 0.2 चे उत्तर 0.30000000000000004 येते.

परतवाड्याच्या बाजारात दहा-दहा किलोंची कापसाची दहा गाठोडी काट्यावर चढली असे समजू. प्रत्येक नोंद 0.1 क्विंटल. एकेक नोंद मिळवत गेल्यास बेरीज 0.9999999999999999 भरते. पट्टी करणाऱ्या प्रोग्रामने ‘बेरीज 1 झाली का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ येते, आणि शेतकऱ्याचा पुरा क्विंटल कागदावर अपुरा राहतो.

जुन्या रुपयाला ही अडचण फारशी नव्हती. 16 आणे, आण्याचे 4 पैसे, म्हणजे पैसा 1/64 रुपया. तो द्विमानात नेमका बसतो. पावकी, निमकी, पाऊणकीतले अपूर्णांकही तसेच. फक्त पै, 1/192, बसत नाही. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 पैसे झाले. 1 ते 99 पैशांपैकी आता 25, 50 आणि 75 एवढेच रुपयांत नेमके मांडता येतात.

चूक साचत जाते तेव्हा ती घातक ठरते. 25 फेब्रुवारी 1991 रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचे घड्याळ सुमारे 100 तासांत 0.34 सेकंद मागे पडले, येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि 28 अमेरिकी सैनिक मारले गेले. तेथील गणित 24 बिटांचे व स्थिर बिंदूचे होते, पण मूळ हेच: एक दशांश सेकंद नेमका न मांडता येणे.

पैशाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात ठेवणे हा निष्काळजीपणाच होय. तो पूर्ण पैशांत, आणि वजन किलो किंवा ग्रॅमच्या पूर्णांकात ठेवावे. नाहीतर पायथॉनमधील डेसिमल, जावामधील बिगडेसिमल यांसारखे दशांश प्रकार वापरावेत. मोजमापाच्या गणितात दोन संख्या समान आहेत का हे न पाहता त्यांतील फरक ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे तपासतात.