अवशेषांची प्रत, प्रतींचे अवशेष

पाश्चात्य साहित्यविचार शिकवताना ‘अनुकृती’ या शब्दापाशी आम्ही दरवर्षी अडखळतो. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘नक्कल’ असा लिहून घेतात आणि तेवढ्यावर कवीची किंमत करून मोकळे होतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? आमच्याच एका सहकाऱ्याच्या घरी भिंतीवर हाताने रंगवलेले एक तैलचित्र आहे. ह्यूबेर रोबेर या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची ती विकत आणलेली प्रतिकृती. ती पाहताच दुसरे एक सहकारी म्हणाले, “मूळ नाही ना? मग त्यात पाहायचे काय?” त्यावेळी आम्ही गप्प राहिलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

चित्राचा विषय असा : पॅरिसच्या लूव्रमधील भव्य दालन कोसळले आहे. छत उघडे पडून वर आकाश दिसते आहे, भिंतींवर झुडपे उगवली आहेत, मायकेलअँजेलोने घडवलेला गुलामाचा पुतळा जमिनीवर पडला आहे. या पडझडीत अपोलो बेल्व्हेदेरेची मूर्ती मात्र उभी आहे आणि तिच्यासमोर बसून एक तरुण तिचे रेखाटन करतो आहे. हे चित्र १७९६ साली प्रदर्शित झाले, तेव्हा ते दालन धडधाकट होते. त्याची दुरुस्ती आणि मांडणी कशी व्हावी, याचाच विचार चालू होता. त्याच प्रदर्शनात रोबेरने या चित्राचे जोडचित्रही मांडले होते. त्यात तेच दालन सुस्थितीत, चित्रांनी भरलेले दिसते, आणि तेथेही चित्रांसमोर बसून प्रती करणारे कलावंत आहेत. म्हणजे दालन राहो अथवा जावो, प्रत करणारा दोन्हीकडे हजर! भग्नावशेषांच्या चित्रांत माणसे फार होतात, अशी तक्रार दिदरोने १७६७च्या प्रदर्शनावर लिहिताना रोबेरविषयी केली होती. येथे माणसे मोजकीच उरली आहेत. पण नकलाकाराला काही रोबेरने हाकलले नाही.

का हाकलले नाही, हे समजण्यासाठी रोमला जावे लागते. रोबेर १७५४ मध्ये रोमला पोचला तो फ्रेंच राजदूत स्तँव्हिल (पुढे हाच श्वाझलचा ड्यूक झाला) याच्या लवाजम्याबरोबर. तेथे तो अकरा वर्षे राहिला. रोममध्ये तेव्हा अवशेषांच्या चित्रांचा बादशहा होता जोव्हान्नी पाओलो पानिनी. युरोपातले धनिक तरुण शिक्षणाचा भाग म्हणून रोम पाहायला येत आणि परत जाताना कोलोसियम, पॅन्थिऑन, त्राजानचा स्तंभ यांची चित्रे घेऊन जात. छायाचित्र नावाची गोष्टच नव्हती. तेव्हा मागणी येई तसा पानिनी तेच दृश्य पुन्हा रंगवी. कधी आकार बदलून, कधी माणसे हलवून, कधी दूरदूरचे अवशेष एकाच अंगणात आणून ठेवून.

याच राजदूताने त्याच्याकडून १७५७च्या सुमारास एक विलक्षण चित्र करवून घेतले. एक काल्पनिक दालन आणि त्याच्या भिंतींवर प्राचीन रोमच्या अवशेषांची चित्रे दाटीवाटीने लावलेली : म्हणजे चित्रांचे चित्र. खाली लाओकून आणि फार्नेसे हर्क्युलीस यांच्या मूर्ती आहेत, आणि प्राचीन चित्राची प्रत करणारे तरुणही आहेत. गंमत अशी की पानिनीने हे चित्र एकदा रंगवून थांबवले नाही. त्याच्या आवृत्त्या आज श्टुटगार्ट, न्यूयॉर्क आणि पॅरिस येथे आहेत. न्यूयॉर्कची सुमारे १७२ बाय २३० सेंटिमीटर, तर पॅरिसची त्याहून बरीच मोठी, सुमारे २३१ बाय ३०३. तिन्ही पानिनीच्याच. यांतली ‘मूळ’ कोणती, असा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनी येथे विचारून पाहावा! आम्हा मराठीच्या अध्यापकांना तर हा पेच परका वाटू नये. पाठभेदांच्या पोथ्या चाळताना लेखनिकाला आपण कधी ‘नुसता नकलनवीस’ म्हणून वाटेला लावत नाही, कारण पुष्कळदा त्याच्यामुळेच ग्रंथ आपल्यापर्यंत पोचलेला असतो.

आणि ज्या मूर्ती पानिनीने रंगवल्या, त्या तरी कुठे मूळ आहेत? फार्नेसे हर्क्युलीसवर ग्लायकॉन या शिल्पकाराची सही आहे. पण ती मूर्ती लिसिप्पसच्या ग्रीक कांस्यमूर्तीवरून केलेली संगमरवरी प्रत आहे. कांस्यमूर्ती नाहीशी झाली, प्रत राहिली. रोबेरच्या तरुणासमोरचा अपोलोही हरवलेल्या ग्रीक कांस्यमूर्तीची रोमन आवृत्ती असावा, असेच बहुतेक अभ्यासक मानत आले आहेत. पॅन्थिऑनची कथा थोडी वेगळी आहे. घुमटाखालच्या पट्ट्याची जुनी संगमरवरी सजावट अठराव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आली. त्याआधी रंगवलेल्या पानिनीच्या चित्रांत ती अजून पाहता येते. तो दृश्ये सजवून मांडणारा चित्रकार होता, तेव्हा त्याची साक्ष तारतम्यानेच घ्यावी लागते. पण ती आहे.

क्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये रोबेर तुरुंगात गेला. तेथे तो जेवणाच्या थाळ्यांवर चित्रे रंगवत राहिला, आणि १७९४ मध्ये सुटला. त्याच सुमारास लूव्र सर्वांसाठी खुले झाले होते. दहा दिवसांच्या नव्या आठवड्यात पाच दिवस प्रती करणाऱ्या कलावंतांसाठी राखलेले, सामान्य प्रेक्षकांसाठी तीनच. आज तेथे प्रत करता येते, मात्र तिचा आकार मूळ चित्राएवढा ठेवता येत नाही.

सहकाऱ्याच्या भिंतीवरच्या चित्राला लूव्रचे ऊन लागलेले नाही, हे आम्हाला मान्य आहे. चीनमधल्या शेन्झेनच्या दाफेन गावात १९८९ पासून अशा तैलप्रतींचा व्यवसाय उभा राहिला. तेथे बहुधा छापील चित्रावरून रंगवतात. मूळासमोर तासन् तास बसणे, त्याच्या रंगांशी आपला रंग ताडून पाहणे तेथे नाही. आमची तक्रार असलीच तर एवढ्यापुरती आहे. ‘मूळ नाही’ ही तक्रार आम्हाला पटत नाही.

रोबेरने तरी १७९६ मध्ये अपोलो समोर ठेवून कुठे रंगवला? ती मूर्ती तेव्हा रोममध्येच होती. रोबेरने तीस वर्षांपूर्वी पाहिलेली. नेपोलियनच्या विजयानंतर १७९८ मध्ये ती पॅरिसला आली. रोबेर १८०८ मध्ये वारला, आणि १८१५ नंतर मूर्ती पुन्हा व्हॅटिकनला गेली. लूव्रमध्ये आज अपोलो नाही. त्याचे रेखाटन करणारा तरुण मात्र तेथेच बसला आहे.