टेस्टर : शेवटच्या टप्प्यापासून पहिल्या बैठकीपर्यंत

१/ सॉफ्टवेअर घडवणाऱ्यानेच ते तपासावे, की तपासणारा वेगळा असावा? हा वाद अजाइल पद्धतीहून कितीतरी जुना आहे.

२/ अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळमोहिमेची, म्हणजे ‘प्रोजेक्ट मर्क्युरी’ची तयारी चालू होती. आयबीएमच्या जेराल्ड वाइनबर्ग यांनी तेथे चाचणीसाठी स्वतंत्र गट नेमला. कामाचे टप्पे जेमतेम अर्ध्या दिवसाचे असत आणि चाचण्या आधी लिहिल्या जात. चूक अंतराळवीराच्या जिवावर बेतणारी होती.

३/ १९७० साली विन्स्टन रॉयस यांनी मोठ्या प्रणालींवर निबंध लिहिला. चाचणी अगदी शेवटी ठेवणारी उतरंड धोक्याची आहे, असे त्यांनी त्यातच बजावले होते. उद्योगाने मात्र उतरंडीची आकृती उचलली आणि इशारा मागे राहिला.

४/ परिणामी सर्व काम उरकल्यावरच ते टेस्टरपुढे येई. आधीच्या टप्प्यांचा उशीर त्याच्या दिवसांतून वजा होई. मूळ आराखड्यातील दोष तेव्हा सापडला, तर दुरुस्ती अतिशय महाग पडे.

५/ १९९९ मध्ये केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ची मांडणी पुस्तकरूपाने केली. प्रोग्रामरनेच चाचणी आधी लिहावी, हा तिचा आग्रह. फेब्रुवारी २००१ मध्ये युटातील स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइल जाहीरनामा सिद्ध केला. त्यात ‘टेस्टर’ हा शब्दच नाही.

६/ मग टेस्टरची गरज संपली का? त्याच १७ जणांपैकी ब्रायन मॅरिक हे चाचणीक्षेत्रातले. २००३ मध्ये त्यांनी भेद मांडला : काही चाचण्या घडत्या कामाला आधार देतात, तर काही घडलेल्या कामाची चिकित्सा करतात. पहिल्यांपैकी पुष्कळशा यंत्राकडे सोपवता येतात. चिकित्सेला मात्र माणसाची शंकेखोर नजर लागते. लिसा क्रिस्पिन आणि जॅनेट ग्रेगरी यांनी पुढे हाच विचार ग्रंथरूपाने विस्तारला.

७/ त्यामुळे टेस्टर पहिल्या बैठकीत येऊन बसला. पैसे पाठवण्याची सोय करायची असेल, तर एक ओळही लिहिण्याआधी तो विचारतो : मध्येच नेटवर्क गेले तर? बटण दोनदा दाबले, तर रक्कम दोनदा जाईल का?

८/ या जवळिकीला किंमत आहे. रोज एकत्र काम करणाऱ्या सहकाऱ्यांना ‘हे अजून तयार नाही’ असे सांगणे अवघड असते. मूळ रचनेत सहभागी नसलेल्या तज्ज्ञांनी चाचणी करावी, असे रॉयस यांनीही सुचवले होते. चमूत राहूनही स्वतंत्र मत राखणे, ही अजाइल काळातील टेस्टरची खरी कसोटी आहे.